बोरकुटे सरांची क्रियाविशेषणं

बोरकुटे सरांनी आयुष्यात स्वतः काही केलं नाही. जे काही झालं ते ‘केल्या गेलं’. मी शाळेत इतिहास शिकवायला रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझ्यासोबत चहा घेतला, रिकामा कप बशीत पालथा घातला आणि म्हणाले, “मास्तर, चहा पूर्णपणे आणि समाधानपूर्वक पिल्या गेला आहे.” मला वाटलं, गंमत करतायत. ते गंमत करत नव्हते.

तसं आमच्या नागपूरकडे ‘सांगितल्या गेलं’, ‘केल्या जाते’ असं सगळेच बोलतात. पण इंग्रजीचे मास्तर असलेल्या बोरकुटे सरांचा जीव पॅसिव्ह व्हॉइसमधल्या एका बारीकशा जागेवर जडला होता. ‘वॉज’ आणि क्रियापद यांच्या मधात बसणारी दोन क्रियाविशेषणं! ‘द केस वॉज केअरफुली अँड सिंपथेटिकली कन्सिडर्ड’ हे वाक्य ते फळ्यावर लिहीत, दोन पावलं मागे सरत आणि पोळ्याला सजवलेली जोडी पाहावी तसे पाहत राहत.

जोडी हा त्यांचाच शब्द. त्यांच्या वडिलांची कळमेश्वरकडे शेती होती. त्यामुळे व्याकरण गोठ्यातूनच यायचं.

“पोट्टेहो, हे दोन बैल आहेत. यायले एकमेकाच्या बाजूलेच जुंपा. अन् दोन्ही एकाच कामाचे घेऊ नका. क्विकली अँड रॅपिडली म्हटलं तर एक ओढते अन् दुसरा नुसता सोबत चालते. एक डोक्याचा पाहिजे, एक काळजाचा. केअरफुली डोक्यानं, सिंपथेटिकली काळजानं. समजलं का?”

“समजलं सर!”

“समजल्या गेलं म्हणा.”

काही जोड्यांतल्या बैलांची जागा बदललेली त्यांना खपत नसे. ‘वेल अँड ट्रूली बीटन’ हे बरोबर. कोणी ‘ट्रूली अँड वेल’ म्हटलं की ते कपाळावर हात मारत. “गेली गाडी नालीत!” एका वर्षी आमची शाळा हॉकीचा सामना सपाटून हरली. हेडमास्तर सुतकी चेहऱ्यानं बसले होते आणि बोरकुटे सर खिडकीशी उभं राहून तृप्तपणे पुटपुटत होते, “वेल अँड ट्रूली बीटन. वा! काय बसलं आहे वाक्य!”

दहावीच्या वर्गाची काच फुटली तेव्हा तर कहर झाला. कोणी फोडली म्हणून हेडमास्तरांनी छडी उगारली. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून म्हणाला, “सर, द विंडो वॉज सडनली अँड अॅक्सिडेंटली ब्रोकन.” बोरकुटे सर आनंदानं मोहरले. “बसा! एकदम बसा! करणाऱ्याचं नाव या वाक्यात लागत नाही!” त्या दिवशी हेडमास्तरांनी त्यांना खोलीत बोलावून बराच वेळ दार लावून घेतलं. ते बाहेर आल्यावर मी विचारलं, काय झालं? “कडकपणे आणि सविस्तर समजावल्या गेलं,” ते म्हणाले.

पन्नाशीकडे झुकलेला एकटा माणूस. लग्न का केलं नाही, असं कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं. “ते राहून गेलं.”

कुसुम पाडोळे बाई पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवायला आईला घेऊन वर्ध्याहून आल्या, तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. पस्तिशीच्या असतील. भावंडांचं शिक्षण करता करता स्वतःचं लग्न मागे पडलेल्या. आल्या त्याच आठवड्यात त्यांनी व्हरांड्यातल्या फळ्यावर सरांच्या हातची सूचना वाचली. व्हरांड्यात पळणं ‘स्ट्रिक्टली अँड अॅब्सोल्यूटली प्रोहिबिटेड’ आहे, अशी. बाईंनी खडू उचलला आणि ‘अँड अॅब्सोल्यूटली’वर सरळ रेघ ओढली.

सर मागेच उभे होते. मी डोळे मिटून घेतले.

“बाई, माझा एक बैल सोडल्या गेला आहे.”

“मनाई म्हणजे मनाई, सर. तिले दोन दोन काठ्या काहून लागतात?”

आणि बोरकुटे सर हसले. मी त्यांना पहिल्यांदाच तसं हसताना पाहिलं. इतकी वर्षं सगळ्यांनी त्यांची चेष्टा केली होती, भांडलं कोणीच नव्हतं.

त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत भांडण. बाई म्हणायच्या, शब्द नेमका असला तर एकच पुरतो. सर म्हणायचे, एकट्याचं ओझं तिरपं होते. थंडीत बाई घरून कोथिंबिरीची सांबारवडी आणत. डबा सरांच्या पुढे सरकवला जाई आणि रिकामा परत येई.

“वडी संपूर्ण आणि कृतज्ञतापूर्वक खाल्ल्या गेली.”

“कोणी खाल्ली, सर?”

सर लाल होत. “खाल्ल्या गेली, बाई.”

बाई खळखळून हसत. स्टाफरूममध्ये आम्ही बाकीचे एकमेकांकडे पाहत असू. सरांच्या शर्टाला इस्त्री आली. केसांना तेल आलं. आता फक्त कोणीतरी बोलायचं बाकी होतं.

दोन हिवाळे असेच गेले. मग एका शुक्रवारी, शाळा सुटल्यावर, मी कोपऱ्यात वह्या तपासत बसलो असताना बाई सरांच्या टेबलाशी आल्या.

“सर, कोराडीचं एक स्थळ सांगून आलं आहे. वीज केंद्रात आहेत. पहिली बायको वारली, लहान मुलगी आहे. आई तर जमल्यासारखीच खूश आहे, पण रविवारी मले होय का नाही ते सांगायचं आहे.”

सरांनी समोरची वही मिटली.

“तुम्हाले काय वाटते?”

मी मान खाली घातली. निघून जावं तर खुर्ची वाजेल, म्हणून तसाच बसून राहिलो. मग सरांचा आवाज आला. “तुमचा निर्णय… पूर्णपणे आणि आनंदानं स्वीकारल्या जाईल.”

“कोणाकडून, सर?”

सरांनी टेबलावरचा खडू उचलला, पुन्हा ठेवला. “ते… ते वगळलं तरी चालते.”

बाई पिशवी खांद्याला लावून म्हणाल्या, “बरं, सर,” आणि गेल्या.

उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं. आम्ही सगळे गेलो होतो. सरांनी पंगतीत वाढलं. आग्रह करकरून वाढलं.

पुढे बरीच वर्षं गेली. सर निवृत्त झाले आणि हुडकेश्वरला दोन खोल्या बांधून राहायला गेले. तेव्हा तिकडे घरं कमी आणि शेतं जास्त होती. मी अधूनमधून सायकलनं जात असे. जोड्यांचा नाद कमी झाला होता. ऐकायला वर्गच उरला नव्हता.

एकदा सीताबर्डीवर मला पाडोळे बाई भेटल्या. केस पांढरे, हातात भाजीची पिशवी. मुलगी कॉलेजात आहे म्हणाल्या. अभिमानानं म्हणाल्या, माझीच मुलगी. मग सरांची चौकशी केली. जाता जाता थांबून म्हणाल्या, “तेव्हा मी रविवारी संध्याकाळपर्यंत काहीच सांगितलं नव्हतं, मास्तर. दाराकडे पाहत बसली होती. आता काय, गेलं ते.”

पुढच्या खेपेला मी हे सरांना सांगितलं. सांगावं की नाही, याचा विचार रस्ताभर केला होता. पण इतक्या वर्षांनी आता काय बिघडणार, असं वाटलं.

सर अंगणात खाटेवर बसले होते. ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मी गेलो होतो, गा.”

“कुठं?”

“त्यांच्या घरी. शनिवारी, दुपारच्याले. गल्लीच्या तोंडाशी सायकल धरून उभा राहिलो. काय बोलायचं ते घरून ठरवून निघालो होतो. दारात त्यांची आई शेजारणीले सांगून राहिली होती, पोरीचं जमलं, देव पावला. डोळे पुसून राहिली होती म्हातारी. मग मी कसा जाऊ? मी वापस आलो.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे शनिवारी जमलं नव्हतं?”

मला खोटं बोलायला हवं होतं. सुचलं नाही. मी नुसता सायकलीच्या चाकाकडे पाहत राहिलो. शेजारच्या वावरात कोणीतरी बैलांना पाण्यावर नेत होतं. त्याची हाळी ऐकू येऊन विरून गेली, तरी सर तसेच बसले होते.

“तब्येत कशी होती त्यांची?”

“चांगली होती.”

“खोकला?”

“खोकला?”

“थंडीत त्यायले दम लागे. कोणाले सांगत नसत. तिकडे कोराडीले राख उडते म्हणतात. कोळशाची. कपडे वाळत घातले तर काळे होतात.” त्यांनी खाटेची सुटलेली सुतळी आत खोचली. “खोकत होत्या का?”

“नाही, सर. एकदाही नाही.”

“बरं झालं,” सर म्हणाले. मग उठले, मला बसा म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. मी किती तरी वेळ अंगणात बसून होतो. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज काही येईना.