गजभियेकाकांना खून सुचतो कसा

"काल दोन मारले! तिसरा आज जाते!"

मुर्रीतल्या आमच्या गल्लीत गजभियेकाका सकाळी फाटकात उभे राहून असं ओरडतात. आम्हाला सवय आहे. समोरचा नवा भाडेकरू मात्र सामान न उतरवताच परत निघाला होता.

काका नोकरीतून निवृत्त झाल्यापासून रहस्यकथा लिहितात, आणि त्यांना खून सुचतो तो फक्त लग्नाच्या बँडवर. एकदा सतार लावून पाहिली, तर खुनी कादंबरीच्या दुसऱ्याच प्रकरणात रडत ठाण्यात हजर झाला. भजन लावलं, तर प्रेत उठून बसलं.

"बँडच पाहिजे," काका म्हणतात. "नाचणाऱ्या मानसाले मांगून कोन येऊन रायला, दिसते का? सांग!"

म्हणून लग्नसराईत ते दिसेल त्या वरातीत घुसतात, मोबाईलवर लिहीत. नागरा गावच्या एका वरातीत नवरदेवाच्या मामाने त्यांना अडवलं. "आप लड़कीवाले हो क्या?"

काका तंद्रीत म्हणाले, "नाही. जेवनात विष घालनारा."

त्या दिवशी ते उपाशीच घरी आले.

त्यांचा लाडका वादक म्हणजे मागच्या गल्लीतला सुखदेव, क्लॅरिनेटवाला. यंदा त्याची छाती बिघडली आणि डॉक्टरांनी फुंकणं कायमचं बंद केलं. काकांची कादंबरी तिथेच अडली. मी मोबाईलवर बँडची गाणी लावून दिली. थोडं ऐकून काका म्हणाले, "यात दम घेनारा मानूसच नाही."

मग ते रोज दुपारी सुखदेवकडे जाऊ लागले. परवा मीही सोबत गेलो. सुखदेवची बायको शेतात भाताच्या रोवण्याला गेली होती. तो खाटेवर पडून धून गुणगुणत होता, मध्येच धाप लागून थांबत होता. तो थांबला की काकाही लिहिणं थांबवत.

"काका, मले येवढंच जमते," सुखदेव म्हणाला. "दुसरा कोनी वाजवनारा पाहा ना. माह्यासाठी काऊन अडून रायले?"

"मले कायची घाई हाय?" काका म्हणाले. "तुही काकू गेल्यापासून घरी कोन वाट पाहते माही?"

काकांनी मोबाईल खाली ठेवला, सुखदेवची पाठ चोळून दिली आणि चहा करायला आत गेले.

चहापत्तीचा डबा कुठे आहे, हे त्यांनी विचारलं नाही.