धाकटी भिंत

"हे घर तरी पसंत करा हो," जिना चढतानाच बायकोने हात जोडले. नवऱ्याने आजवर पाहिलेल्या प्रत्येक घरात खोट काढली होती, आणि महिनाअखेरीस भाड्याची जागा सोडायची होती.

नवरा ग्रह-चंद्रांच्या छायाचित्रांतले खड्डे मोजायचा. पगारच त्याचा मिळायचा. जिथे खड्ड्यांची दाटी, ती जमीन जुनी, कारण आकाशातून पडणारे दगड तिने युगानुयुगे झेललेले. जिथे गुळगुळीत, तिथे मागाहून लाव्हा पसरून सगळं झाकलं गेलेलं. अशा कामामुळे गुळगुळीत दिसेल त्यावर विश्वास म्हणून ठेवायचा नाही, ही सवय अंगात मुरली होती. शेजारीपाजारी त्याला खड्डेमास्तर म्हणत.

घराच्या मालकीणबाई एकट्याच राहत; सगळे त्यांना मावशी म्हणत. स्वयंपाकघरात उजेड आणि वारा पाहून बायको हरखली. खड्डेमास्तर मात्र बाहेरच्या खोलीत भिंतीला नाक लावून उभा होता.

"मावशी, या तीन भिंतींवर खिळ्यांची भोकं आहेत, खुर्च्या आपटून टवके उडालेत. ही चौथी कोरी कशी?"

"कोरी म्हणजे?"

"म्हणजे ही या तिघींपेक्षा धाकटी आहे. कुणीतरी नंतर गिलावा केलाय. नक्की कुठेतरी पाणी मुरतंय इथे."

मावशींचा चेहरा उतरला. "मी माहेरी गेले होते, तेव्हा आमच्या ह्यांनी करून घेतली होती. आता ते नाहीत. पण साखरेच्या डब्याला कुलूप लावणारा माणूस... त्यांनी भिंतीवर खर्च केला कसा?"

"तेच म्हणतो मी!" त्याने भिंतीवर टकटक केली.

"अहो, असेल एखादा तडा," बायको कळवळून म्हणाली.

मावशी आता त्यालाच न्याहाळू लागल्या. हा गृहस्थ ना नळ सोडून बघतो, ना किंमत विचारतो. नुसती भिंत ठोकतो.

"तुम्हाला कुणी पाठवलंय?"

"कुणी नाही हो."

"मग भिंतीत काहीतरी आहे, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी कुठे म्हटलं..."

"मला घर विकायचंच नाही!" आणि दार धाडकन लागलं.

परतताना बायकोचे डोळे भरून आले होते. खड्डेमास्तरला स्वतःचीच लाज वाटली.

आठवड्याने मावशींनी पुन्हा बोलावलं. चौथ्या भिंतीवर आता बोटाएवढे, वाटीएवढे, ताटाएवढे खड्डे होते, एकात एक. खुर्चीवर हातोडी होती आणि मावशींचे केस धुळीने माखले होते.

"काही नाही निघालं," त्या थकून म्हणाल्या.

बायकोने संधी साधली. "सांगा, आता या भिंतीचं वय किती?"

"चौघींत हीच सगळ्यात म्हातारी," तो मान खाली घालून म्हणाला.

"मग आता संशय नाही ना?"

"नाही."

व्यवहार ठरला. सही करताना मावशी थबकल्या. "एक अट आहे. पुढेमागे त्या भिंतीतून काही निघालं, तर ते माझं."

"खुशाल घ्या!" बायको हसली.

राहायला आले त्या दुपारी बायको गुणगुणत स्वयंपाकघरात डबे लावत होती. इतक्यात बाहेरच्या खोलीतून टकटक ऐकू आली.

"अहो, काय करताय?"

"काही नाही गं," खड्डेमास्तर म्हणाला. "पण भिंतीत काहीच नसेल, तर मावशींनी अट कशाला घातली असेल?"