तीन पंख्यांचं कार्ड

ग्राफिक्स कार्ड या विषयात अख्ख्या बेनिन सिटीत आपला हात धरणारा कुणी नाही, असं नोसा छातीठोकपणे सांगायचा. ते खोडून काढणार तरी कोण? त्याच्या आवारातल्या बाकीच्या बिऱ्हाडांना ग्राफिक्स कार्ड म्हणजे लग्नपत्रिकेचा एखादा महागडा प्रकार वाटत होता.

नोसा शाळेत भूगोल शिकवायचा. मुलांना नायजर नदीचा नकाशा काढायला लावायचा आणि स्वतः टेबलाखाली फोन धरून कार्डांची तुलना वाचत बसायचा. कुठलं किती तापतं, कुठलं किती घोंघावतं, कुठल्यावर मैदानातल्या गवताची पात न् पात वेगळी दिसते, सगळं त्याला तोंडपाठ होतं. निष्कर्षही पक्का झाला होता. दोन पंख्यांचं, मधलं कार्ड घ्यायचं. बायकोसुद्धा मी इतका विचार करून निवडली नव्हती, असं तो म्हणायचा, आणि शहाणा इतका की बायकोसमोरच म्हणायचा.

"मीही तुला बघताक्षणी हो म्हटलं होतं," इसोकेन शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "घाई नडते माणसाला."

कार्डाची ही तहान उगीच लागलेली नव्हती. मागच्या वर्षी कॉम्प्युटरवरच्या फुटबॉलच्या अंतिम सामन्यात नोसासमोर शेजारच्या गल्लीतला फेस्टस होता. हा फेस्टस मोबाइल दुरुस्त करायचा आणि दुरुस्त करता करता माणसाचा पाणउतारा करायचा. बरोबरी चालू होती, वेळ संपत आली होती, नोसाचा खेळाडू मोकळ्या गोलसमोर पाय उचलून उभा राहिला, आणि तसाच राहिला. जुनं कार्ड दमलं होतं. पडदा गोठला तो गोठलाच.

"हे काय, फोटो काढतोयस का?" फेस्टस म्हणाला, आणि त्या दिवसापासून नोसाचं नाव फोटो पडलं. भाजीवाली म्हणे, "फोटो, आज याम-कंद घेत नाही?" शाळेच्या फळ्यावर कुणीतरी फोटो लिहून ठेवी. रविवारी चर्चमध्ये पास्टरांनी भर प्रार्थनेत "आपले बंधू फोटो" म्हटलं, तेव्हा त्याच्या काळजाला घरं पडली. यंदा फेस्टसला हरवायचं आणि हे नाव पुसून टाकायचं, एवढीच त्याची आता आयुष्याकडून मागणी होती.

रिवाज असा की मागच्या वर्षी जो हरला त्याच्या घरी, त्याच्याच मशीनवर यंदाचा सामना. फेस्टसने त्यात आपलं एक कलम घुसवलं होतं. "मशीन बंद पडली, तर ज्याची मशीन तो हरला. मग मला रडगाणं ऐकवायचं नाही."

"बंद पडायला ती काय तुझ्या दुकानात दुरुस्तीला आलीय?" नोसा म्हणाला, आणि कलम मान्य करून बसला.

नोसाची आवारात आणखी एक ख्याती होती, ती सांगायलाच हवी. आवाराला एकच जनरेटर, सगळ्यांच्या वर्गणीच्या पेट्रोलवर चालणारा. सरकारी लाईट आली की भिंतीवरचा चेंजओव्हर नावाचा दांडा खालून वर ढकलायचा. म्हणजे सगळी घरं जनरेटरवरून लाईटवर येतात. मधल्या क्षणी सगळं बंद होतं, आणि मग लखलखाट! हा दांडा नोसाच्या दाराशेजारी होता आणि तो ढकलण्याचा मान नोसाचा. पेट्रोलचा थेंब फुकट जाऊ देणार नाही अशी त्याची प्रतिज्ञा होती. गल्लीत "लाईट!" अशी पहिली आरोळी उठायच्या आत त्याचा हात दांड्यावर असायचा. एकदा तो अंगाला साबण फासलेल्या अवस्थेत आला होता. एकदा सासऱ्यांचं बोलणं अर्धं तोडून धावला होता, आणि ते सासरे अजून ती गोष्ट काढतात.

"माझं बाळंतपण चालू असतं ना, तरी हा उठून गेला असता," इसोकेन बायकांना सांगायची. त्यात तक्रार किती आणि अभिमान किती, हे तिचं तिलाच ठाऊक.

सामन्याच्या आठवड्यात नोसा कार्ड आणायला निघाला. तो निघाला एकटाच होता, पण बाजारात एकट्याला पाठवणं हे त्या आवारात माणुसकीला सोडून समजलं जायचं. दाराशी न्हावी लकी भेटला, तो चिकटला. फाटकाशी मॅडम इतोहान भेटल्या. मॅडम म्हणजे गोठवलेल्या मासळीच्या घाऊक आणि किरकोळ विक्रेत्या. आवारातला एकमेव मोठा फ्रीझर त्यांचा.

"तुला दुकानदार फसवणार," त्या म्हणाल्या. "तुझा चेहराच तसा आहे. चल, मी येते."

दुकानदार उचेन्नाने काउंटरवर तीन कार्डं मांडली. एक पंख्याचं, दोन पंख्यांचं आणि तीन पंख्यांचं. नोसाने पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. उचेन्ना मान डोलवत होता. गिऱ्हाईक स्वतःच माल विकत असेल तर दुकानदाराने मधे पडू नये, हे तो शिकलेला होता.

"तर मग हे मधलं," नोसा म्हणाला.

"थांब." मॅडम इतोहाननी मधलं कार्ड उचलून तळहातावर तोललं. पालथं केलं. बाजूने वास घेतला. मग तीन पंख्यांचं उचललं. "हे बघ. मासा घेताना डोळे बघायचे आणि वजन बघायचं. याला डोळे नाहीत, मग राहिलं वजन. हे मधलं हलकं आहे. आतून पोकळ असणार."

"मॅडम, कार्ड काही मासा नाही."

"तेच प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं, आणि घरी जाऊन रडतं. फेस्टसकडे कुठलं आहे?"

"मधलंच," लकी म्हणाला. "मी त्याचे केस कापतो ना, बघितलंय."

झालं. महिनाभराचा अभ्यास तिथल्या तिथे बुडाला. फेस्टसकडे आहे तेच घेऊन फेस्टसला हरवायचं, हे नोसाच्या मनाला पटेना. त्याने तीन पंख्यांचं घेतलं.

"घरी करंट कसा आहे?" उचेन्नाने पॅक करता करता विचारलं. "हे जरा खातं हं. सोबत हा मोठा पॉवर सप्लायही घ्यावा लागेल."

"आमच्याकडे कुणाला उपाशी ठेवत नाही," मॅडम इतोहान म्हणाल्या, आणि विषय संपला.

घरी आल्यावर कळलं की कार्ड कॅबिनेटमध्ये मावत नाही. ते बाहेर दीड बोट डोकावत होतं. नोसाने बाजूचा पत्रा काढून टाकला. मग कार्ड स्वतःच्या वजनाने वाकायला लागलं, तेव्हा खाली इसोकेनच्या निळ्या दोऱ्याचं रीळ टेकू म्हणून लावलं. ती तोच रंग शोधत संध्याकाळभर खोलीत फिरत होती. जुन्या यूपीएसने नवीन भार बघितला आणि अशी किंचाळी फोडली की त्याला पलंगाखाली रवाना करावं लागलं.

तयारी झाली. नोसाने बटण दाबलं. कार्डाचे तिन्ही पंखे फिरले, खोलीत जांभळा उजेड पडला, पडद्यावर हिरवंगार मैदान उमटलं आणि गवताची पात न् पात वेगळी दिसली. नोसाचे डोळे भरून आले. तेवढ्यात अंगणातल्या जनरेटरने दमेकऱ्यासारखी धाप टाकली, दोनदा खोकला आणि गप्प झाला.

अख्खं आवार बंद. लकीच्या दुकानातून एक किंकाळी आली. तिथे एका बँकेतल्या माणसाचे अर्धेच केस कापून झाले होते, आणि त्याला भाचीच्या लग्नाला जायचं होतं. मॅडम इतोहान फ्रीझरवर हात पसरून उभ्या राहिल्या, जणू कुणी मासळी पळवून नेणार होतं. सगळं आवार ज्यांना आदराने पा म्हणे ते म्हातारे घरमालक इदेहेन लुंगी सावरत बाहेर आले आणि तिथल्या तिथे सभा भरली.

"काय आणलंयस?" त्यांनी विचारलं.

"कार्ड आहे, पा."

"त्याला पंखे किती?"

"तीन."

"आणि वारा कुणाला लागतो?"

"कुणालाच नाही, पा. ते स्वतःलाच वारा घालतं."

पा इदेहेननी लुंगीची गाठ पुन्हा बांधली. सत्तरी ओलांडली, पण स्वतःलाच वारा घालणारी वस्तू त्यांनी बघितली नव्हती. बघितलेली होती ती तशी माणसं.

"या आवारात माझ्या इस्त्रीला बंदी आहे," इसोकेन भर सभेत म्हणाली. "का, तर जनरेटर बसतो. मी बाई कोळशाच्या इस्त्रीवर दुनियेचे कपडे कडक करते. आणि याने बघा, कार्ड नाही, जावई आणलाय घरी. तो येणार म्हणून सगळ्यांनी उपाशी बसायचं."

"परत कर ते," लकी म्हणाला.

"दुकानदार परत घेत नाही. आणि हे निवडलं कुणी? मॅडमनी!"

मॅडम इतोहान आभाळाकडे बघू लागल्या. मग खाकरून म्हणाल्या, "कार्ड चांगलंच आहे. वजनदार आहे. जनरेटर हलका आहे, त्याला कार्ड काय करणार?"

नोसाने मग लाज सोडली. तो म्हणाला, "पा, मला परवा पास्टरांनी भर चर्चमध्ये फोटो म्हटलं. माझ्या आईने माझं चांगलं नाव ठेवलं होतं. एका शनिवारपुरतं आवार मला द्या, मला माझं नाव परत आणायचंय."

हे मात्र सगळ्यांना लागलं. नाव जाणं म्हणजे काय, हे त्या आवाराला कळत होतं. लकीला त्याच्या घरचे अजून बेकार म्हणतात. सभेने ठरवलं: शनिवारी सामना संपेपर्यंत फ्रीझर बंद, लकीची केस कापायची मशीन बंद, सगळ्यांचे पंखे बंद. पण एक अट. ज्यांनी त्याग केला ते सगळे सामना बघायला आत बसणार.

शनिवारी दुपारी नोसाच्या खोलीत मुंगीला जागा उरली नव्हती. पंखा नाही, खिडकीत माणसं, आणि मधोमध ते कार्ड शेगडीसारखं धगधगत होतं. मॅडम इतोहान बर्फ वितळतोय का ते बघायला दर थोड्या वेळाने उठायच्या आणि येताना कुणाच्या तरी पायावर पाय द्यायच्या. तो बँकेतला माणूस पुन्हा आला होता. भाचीचं लग्न त्याने टोपी घालून निभावलं होतं. आज सामन्याआधी उरकून टाकू, असं लकी म्हणाला आणि पुन्हा मधेच मशीन बंद करायची वेळ आली. गडी आता उरलेले अर्धे केस घेऊन पहिल्या रांगेत बसला होता.

फेस्टस घाम पुसत म्हणाला, "फोटो, कलम आठवतंय ना?"

"खेळ," नोसा म्हणाला.

आणि काय खेळला नोसा! पडदा एकदाही अडखळला नाही. खेळाडूंच्या मोज्यांवरची शिवणसुद्धा दिसत होती. इसोकेनने ती कच्ची असल्याचं सांगितलं. फेस्टसने गोल केला, नोसाने फेडला. पुन्हा फेस्टसने केला, पुन्हा नोसाने फेडला. बाहेर जनरेटर धापा टाकत होता, आणि पा इदेहेन त्याच्याशेजारी खुर्ची टाकून आजाऱ्याजवळ बसावं तसे बसले होते.

शेवटचं मिनिट. बरोबरी. नोसाने चेंडू मधल्या फळीत हिसकावला, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं. गोलकीपर पुढे धावला आणि घसरून पडला. समोर मोकळा गोल. मागच्या वर्षीचीच जागा, तोच पाय उचललेला. फेस्टसने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून आरोळी आली, "लाईट!"

पुढे काय झालं ते नोसाला अजूनही नीट सांगता येत नाही. त्याचं डोकं तिथेच होतं, गोलसमोर. पण पाय उठले होते. कंट्रोलर इसोकेनच्या मांडीवर पडला, मधली माणसं आपोआप बाजूला झाली, कारण त्यांनाही तीच सवय होती, आणि दुसरी आरोळी उठायच्या आत नोसाने चेंजओव्हरचा दांडा खाड्कन वर ढकलला.

क्षणभर सगळं बंद. मग लखलखाट.

"लाईट आली!" सगळं आवार ओरडलं, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज नोसाचा होता.

खोली रिकामी व्हायला वेळ लागला नाही. फ्रीझर घुमू लागला. पंखे फिरू लागले. लकी बँकवाल्याला मानेला धरून दुकानात घेऊन गेला आणि मशीनची घरघर ऐकू आली. इसोकेनने पेटीतून विजेची इस्त्री काढली. जनरेटर बंद करून पा इदेहेननी त्याच्या टाकीवर थोपटलं. सगळ्या आवारात इतका आनंद फार दिवसांनी झाला होता. नोसा हसत हसत मागे वळला आणि त्याला काळा पडदा दिसला.

फेस्टस जागचा हलला नव्हता. "मशीन बंद पडली," तो हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणाही नव्हता. इतकं मोठं दान हातात पडलं की माणूस जरा नम्र होतो.

नोसाने धावत जाऊन बटण दाबलं. सगळ्यांचा भार पडून आलेली लाईट आता अशी मरतुकडी झाली होती की बल्ब भोपळ्याच्या रंगाचा दिसत होता. कार्डाचा एक पंखा अर्धा फिरला आणि थांबला. मग तीही लाईट गेली. दुकानातून बँकवाल्याची किंकाळी ऐकू आली.

"तू का उठलास?" इसोकेनने विचारलं. कंट्रोलर अजून तिच्या मांडीवर होता.

"पेट्रोल फुकट गेलं असतं ना," नोसा म्हणाला.

तिने कंट्रोलर खाली ठेवला. मग तिने कार्डाखालचं आपलं निळं रीळ काढून घेतलं आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी तो मान खाली घालून चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला. पास्टरांनी सगळ्यांवर नजर फिरवली, त्याच्यापाशी थांबले आणि प्रेमाने हात पसरले.

"पुढे या, बंधू चेंजओव्हर," ते म्हणाले. "लाजता काय?"

फोटो हे नाव मात्र कायमचं पुसलं गेलं. त्यानंतर त्याला त्या नावाने कुणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही.