सीट आपोआप पुढे येते

मास्तरांनी गाडी सुरू केली आणि सीट पुढे सरकायला लागली. धक्का नाही, आवाज नाही, अगदी अदबीने. आधी गुडघे अडकले, मग पोट स्टिअरिंगला टेकलं, आणि शेवटी हनुवटी हॉर्नच्या इतकी जवळ आली की शिंक आली असती तर गल्ली दचकली असती. पाठोपाठ बाजूचे आरसेही वळले. उजव्या आरशात मागचा रस्ता दिसायचा, तिथे आता शेजारच्यांच्या कुंड्या दिसत होत्या.

"आली पुढे," मास्तर म्हणाले. त्यांनी दाराजवळचं बटण दाबून धरलं. सीट तितक्याच अदबीने मागे गेली.

मागच्या सीटवर मास्तरीणबाई गाडीचं माहितीपुस्तक वाचत होत्या. पुस्तक चारशे बारा पानांचं होतं आणि त्या ते पहिल्या पानापासून क्रमाने वाचत होत्या. मधलं पान आधी उघडणं त्यांना बरोबर वाटत नसे. त्या पुढे बसत नसत, कारण चालकाच्या शेजारची सीट मास्तरांची होती. मास्तर स्वतः स्टिअरिंगवर असले तरी त्या जागी दुसरं कुणी बसलेलं त्यांना खपत नसे.

याला कारण होतं. मास्तरांनी अडतीस वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलं आणि ती सगळी वर्षं शेजारच्या सीटवर काढली. त्या सीटच्या पायाशी एक जादा ब्रेक होता. शिकणारा घाबरला, बावरला किंवा गाईकडे बघत बसला, की मास्तरांचा डावा पाय आपला ब्रेकवर. त्या पायाने अर्ध्या गावाचे जीव वाचवले होते. प्रत्येक शिकाऊच्या नावाचं त्यांच्या वहीत एक पान असे. वर नाव, खाली चुका, आणि ज्याच्याबद्दल आशा वाटे त्याच्या पानाखाली एकच शब्द, 'सुधारेल'. ज्याच्याबद्दल वाटत नसे, त्याच्या पानाखाली काही नसे.

दोन वर्षांपूर्वी स्कूल बंद झालं, जुनी गाडी भंगारात गेली आणि लेकीने ही नवी गाडी दारात आणून उभी केली. "बाबा, आता काही करायचं नाही. क्लच नाही, गिअर नाही, ही सगळं आपोआप करते."

आपोआप या शब्दाशी मास्तरांचं जुनं वाकडं होतं. गाडीत आपोआप फक्त पंक्चर होतं, बाकी सगळं आपण करायचं असतं, हे त्यांनी हजारभर लोकांना ओरडून सांगितलं होतं. त्यांनी वहीत गाडीच्या नावाचं पान काढलं आणि तिच्या चुका लिहायला घेतल्या. सिग्नलला इंजिन बंद पाडते. ऊन असताना वायपर लावते. पट्टा लावेपर्यंत बोंब मारते, लावल्यावर आभारही मानत नाही. पाऊण तास झाला की 'थकला असाल, विश्रांती घ्या' म्हणते. आणि सगळ्यांत खाली, दोनदा अधोरेखित केलेलं, सीट पुढे येते. फक्त सौ. बरोबर असताना.

ही शेवटची चूक ते दुरुस्तीला शोरूममध्ये घेऊन गेले होते.

"म्हणजे काकू बसल्या की सीट पुढे येते?" तिथला मेकॅनिक म्हणाला.

"हो."

"आणि तुम्ही एकटे असलात की?"

"मग शहाण्यासारखी वागते."

मेकॅनिकचं लग्न झालेलं होतं. त्याने जरा विचार केला. "काका, असं आमच्याकडेही होतं. पण गाडीत नाही." त्याने तपासणी केली, दोष सापडला नाही. जाताना त्याने दुसरी चावी कुठे असते एवढं विचारलं. "घरी, कपाटात," मास्तर म्हणाले. मास्तरीणबाईंनी पर्सची चेन ओढून बंद केली आणि त्या बाहेरच्या झाडाकडे बघत राहिल्या.

आजचा दिवस मात्र साधा नव्हता. मास्तरांना सत्तर वर्षं पुरी झाली होती आणि लायसन पुढे चालू ठेवायचं तर त्यांना पुन्हा टेस्ट द्यावी लागणार होती. आठ दिवस त्यांना नीट झोप नव्हती. गाडी चालवायला मिळेल की नाही याची त्यांना तेवढी फिकीर नव्हती. लोक अजूनही रस्त्यात थांबून 'मास्तर' म्हणून हाक मारत, आणि नापास झालेल्या माणसाला कुणी मास्तर कसं म्हणेल, हे त्यांना खात होतं. हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. घरी ते कळलं होतं.

परिवहन कार्यालयाच्या मागे टेस्टचा ट्रॅक होता. एक वळण, एक चढ, एक थांब्याची पांढरी रेघ आणि कडेला उमेदवारांच्या नातेवाइकांसाठी एक बाक. निरीक्षकबाई कागद लावलेली पाटी घेऊन आल्या आणि मास्तरांना बघून थबकल्या.

"मास्तर, तुम्ही?"

"तू..." मास्तरांनी जीभ आवरली. "तुम्ही इथे असता होय? एकोणीस वेळा इंजिन बंद पाडलं होतंत पहिल्या दिवशी."

"अठरा," निरीक्षकबाई म्हणाल्या. "पण शेवटी 'सुधारेल' लिहिलं होतंत. तुमच्या हातातलं पान मी उलट्या बाजूने वाचलं होतं."

त्यांनी मास्तरीणबाईंकडे बघितलं, मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे. दोघी काहीतरी बोलणार होत्या, पण बोलल्या नाहीत. मग मास्तरीणबाई पुस्तक घेऊन बाकावर जाऊन बसल्या. पर्स गाडीतच मागच्या सीटवर राहिली.

निरीक्षकबाई शेजारच्या, म्हणजे मास्तरांच्या, सीटवर बसल्या. मास्तरांनी नजर दुसरीकडे वळवली आणि गाडी सुरू केली. सीट पुढे आली.

"इतकं जवळ बसता?" निरीक्षकबाईंनी विचारलं.

"मी नाही बसत, ही बसवते." मास्तरांनी बटण दाबलं. "पण हे सौ. असतानाच होतं. आज त्या बाहेर आहेत." त्यांचा आठ महिन्यांचा सिद्धांत त्यांच्या डोळ्यांदेखत कोसळला होता आणि त्याचं दुःख करायला वेळ नव्हता.

गाडी निघाली आणि लगेच पिंपिं करू लागली. पर्स चांगली जड होती. मागच्या प्रवाशाने पट्टा लावलेला नाही, असं गाडीचं म्हणणं पडलं.

"मागे कोणी आहे का?"

"पर्स आहे."

"मग तिला पट्टा लावा. नाहीतर ही शेवटपर्यंत गप्प बसायची नाही."

मास्तरांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, उतरून पर्सला पट्टा लावला, परत येऊन इंजिन सुरू केलं. सीट पुढे आली. ती मागे घेतली. वळण उत्तम झालं. पांढऱ्या रेघेवर चाक टेकवून गाडी थांबली आणि इंजिन बंद पडलं.

"हे मी पाडलेलं नाही," मास्तर म्हणाले.

"माहीत आहे. आजकाल सगळ्याच पाडतात." निरीक्षकबाई कागदावर खुणा करत होत्या आणि खुणा चांगल्या होत्या, हे मास्तरांना तिरक्या नजरेने दिसलं. त्यांचा जीव थोडा भांड्यात पडला. "आता चढावर थांबा. इंजिन पूर्ण बंद करा, मग सुरू करून गाडी मागे न जाऊ देता पुढे घ्या. आरसा, मास्तर."

"आरसा मला सांगू नका," म्हणत मास्तरांनी आरशात बघितलं.

चढावर इंजिन बंद झालं, सुरू झालं, आणि सीट पुढे आली. या वेळी मास्तरांनी बटण दाबायला हात नेला तो गडबडीत भलत्याच बटणावर पडला. सीटची पाठ सरळ उभी झाली आणि मास्तरांचं पोट जाऊन हॉर्नवर बसलं. हॉर्न वाजायला लागला आणि वाजतच राहिला. रांगेतले उमेदवार पुढे येऊन बघू लागले. पोट जमेल तेवढं आत घेऊन, श्वास रोखून मास्तरांनी गाडी चढावरून वर काढली. ती एक इंचही मागे आली नाही. इतकी सुंदर चढाई त्या ट्रॅकने क्वचितच बघितली असेल, फक्त ती फार आवाजात झाली.

इकडे बाकावर मास्तरीणबाई पान दोनशे एकोणतीसवर पोचल्या होत्या. तिथे लिहिलं होतं की प्रत्येक चावी आपल्या चालकाची सीट लक्षात ठेवते आणि गाडीत दोन्ही चाव्या असल्या, तर गाडी कमी उंचीच्या चालकाची सोय आधी बघते. मास्तरीणबाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. चढावरून हॉर्न ऐकू येत होता. त्यांनी बाकावर पर्स चाचपली, आणि ती कुठे आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

त्या उठल्या आणि पुस्तक हलवत ट्रॅकवर धावल्या. दुसऱ्यांच्या चुका सांगण्याच्या बाबतीत त्या नेहमी शांत असत, पण ही चूक त्यांची स्वतःची होती. चढ उतरून येणाऱ्या गाडीच्या समोरच त्या येऊन उभ्या राहिल्या. "अहो, चावी," त्या ओरडत होत्या, "माझ्याकडे चावी आहे."

मास्तरांनी क्षणात ब्रेक मारला. पूर्ण ताकदीने, डाव्या पायाने, अडतीस वर्षं जिथे ब्रेक होता त्या जागी. तिथे रबराची चटई होती.

गाडी थांबली. मास्तरीणबाईंपासून हातभर अंतरावर, आपोआप. पाय रोवल्यामुळे मास्तरांचं पोट मागे सरकलं आणि हॉर्नही बंद झाला. समोरच्या पडद्यावर एक लाल चित्र आलं आणि गाडी हळूच म्हणाली, "थकला असाल. विश्रांती घ्या."

मास्तरांचा डावा पाय अजून चटईवर रोवलेला होता. निरीक्षकबाई त्या पायाकडे बघत होत्या.

"मास्तर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ब्रेक तुम्ही नाही लावलात."

"लावला," मास्तर म्हणाले. मग त्यांनीही खाली बघितलं. "पण तुमच्या बाजूचा."

निरीक्षकबाईंनी कागदावर काय लिहिलं ते मास्तरांनी बघितलं नाही, बघायची गरज नव्हती. शिकाऊने असं केलं असतं तर त्यांनी स्वतः त्याला खाली उतरवलं असतं.

"पंधरा दिवसांनी परत या," निरीक्षकबाई म्हणाल्या. "बाकी सगळं उत्तम आहे. चढ तर मी माझ्या लोकांना दाखवायला हवा होता."

मास्तर उतरले. मास्तरीणबाई अजून तिथेच उभ्या होत्या, पुस्तकात बोट घालून. मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, सगळी आहे ना याची खात्री केल्यासारखं.

"लागलं नाही ना कुठे?"

"नाही हो. थांबली ना ती."

"ती थांबली," मास्तर म्हणाले. त्यांनी खिशातून वही काढली, गाडीचं पान काढलं, बराच वेळ त्याकडे बघितलं आणि पानाखाली 'सुधारेल' लिहिलं. त्यांनी वही परत ठेवली, तशी मास्तरीणबाईंनी बोट घातलेलं पान त्यांच्यासमोर धरलं, आणि ते वाचून त्यांना दुसरा प्रश्न पडला. "दुसरी चावी तुझ्या पर्समध्ये कशाला? आणि कमी उंचीचा चालक कोण आमच्याकडे?"

मास्तरीणबाईंनी मागचं दार उघडलं, पर्सचा पट्टा काढला आणि आतून आधी चावी, मग लायसन काढलं. लायसनवर त्यांचा फोटो होता. फोटोत त्या हसत होत्या.

"काकूंची टेस्ट मीच घेतली," निरीक्षकबाई म्हणाल्या. "तीन महिने झाले. पहिल्याच वेळी पास."

"शिकवलं कोणी?"

"शेजारच्या नर्सबाई बाजूला बसायच्या. तुम्ही बुधवारी पत्ते खेळायला जाता तेव्हा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण शिकवायला काही उरलंच नव्हतं. अडतीस वर्षं रोज जेवताना तुम्ही कोण कुठे चुकलं ते सांगत होतात. तेवढं सोडून बाकी सगळं मी केलं."

मास्तरांना यावर रागवायचं होतं, पण कशावर ते सापडेना. लायसन शिल्लक असलेली एकच व्यक्ती आता घरात होती आणि गाडी घरी न्यायची होती. ते जाऊन शेजारच्या सीटवर बसले. दोन वर्षांनी ते आपल्या जागी बसत होते आणि जागा ओळखीची वाटली, एवढं त्यांना मान्य करावं लागलं.

मास्तरीणबाईंनी गाडी सुरू केली. सीट पुढे आली आणि जिथे यायला हवी तिथे थांबली. आरसे वळले आणि रस्ता दाखवू लागले. घरापर्यंत गाडीने एकदाही पिंपिं केलं नाही. पहिल्या दोन चौकांत मास्तरांचा डावा पाय चटईवर दाबला गेला. मास्तरीणबाईंनी प्रत्येक वेळी त्याच्या आधीच ब्रेक लावला होता. तिसऱ्या चौकात मास्तरांनी पाय उचलून जवळ घेतला.

दारात गाडी उभी राहिल्यावर मास्तरीणबाईंनी हात पुढे केला. "वही द्या."

"कशाला?"

"पंधरा दिवस आहेत. उद्या साडेसातला तयार राहा. तुम्ही बसलात ती सीट आता मला लागेल."

मास्तरांनी वही दिली. मास्तरीणबाईंनी कोरं पान उघडून वर 'मास्तर' असं लिहिलं आणि खाली 'डावा पाय'. पेन्सिल कागदावर थोडी थांबली. मास्तर खिडकीतून बाहेर बघत असल्याचं दाखवत होते, पण मान वळवून पान वाचता येतं का ते बघत होते.

पानाखाली मास्तरीणबाईंनी 'सुधारेल' लिहिलं, आणि वही पर्समध्ये टाकली.