ड्यूकला माहीत असलेली वाट

घोडा ओळखावा तर अ‍ॅटलीने, असं आमच्या होम्स काउंटीत सगळे म्हणतात. म्हणजे, निदान मी तरी म्हणतो! दात बघून मी घोड्याचं वय सांगतो, चाल बघून स्वभाव सांगतो आणि विकणाऱ्याचा चेहरा बघून तो काय लपवतोय तेही सांगतो. चाळीस वर्षांत घोड्याच्या व्यवहारात मला कुणी फसवलेलं नाही.

त्यामुळे ऑगस्टमध्ये सुतारकाम करणारा डेल्बर्ट आपला तांबडा ड्यूक घेऊन विकायला आला, तेव्हा मी बाह्या सरसावल्या. दात पाहिले, खूर पाहिले, चारी पाय उचलून पाहिले. घोडा म्हणजे सोनं!

"स्वभाव कसा आहे?"

"गरीब आहे," डेल्बर्ट स्वतःच्या बुटांना म्हणाला. चोवीस वर्षांचा दांडगा गडी, पण समोर कुणीही असलं तरी हा बोलतो बुटांशीच. "एकदा वाट कळली की विसरत नाही."

"मग विकतोस कशाला?"

"घरी दुसरा आहे. आता याची... तशी गरज नाही."

आणि किंमत इतकी कमी सांगितली की मला त्याची कीव आली. घेऊन टाकला!

"एवढा चांगला घोडा एवढा स्वस्त?" माझी बायको व्हर्ना म्हणाली. "यात काहीतरी गोम आहे, अ‍ॅटली."

"घोड्यातलं तुला काय कळतं?" मी म्हणालो. हे वाक्य तुम्ही विसरलात तरी चालेल. व्हर्ना विसरलेली नाही.

आता एक सांगायला हवं. मी आमच्या चर्चच्या मंडळीचा डीकन, म्हणजे पाद्र्याचा मदतनीस आहे. हौसेने झालो नाही; चिठ्ठी टाकली आणि ती नेमकी माझ्या स्तोत्रांच्या पुस्तकात निघाली! आमच्यात मोटार, वीज, असली आधुनिक यंत्रं वर्ज्य; कुणी हा नियम मोडला तर घरी जाऊन कान उपटायचे, हे डीकनचं काम. आणि एखाद्या मुलाला लग्न करायचं असलं तर त्याच्या वतीने मुलीच्या घरी गुपचूप मागणी घालायची, हेही डीकनचंच काम. म्हणून माझी बग्गी अंगणात शिरली की घरच्यांच्या पोटात एक तर गोळा येतो, नाहीतर गुदगुल्या होतात.

बुधवारी व्हर्नाने घोड्याच्या साजाचा तुटलेला पट्टा हातात दिला आणि साजाच्या दुकानात पिटाळलं. ड्यूक झकास चालत होता. वाटेत आमच्याच मंडळीतल्या रोमनचं शेत आलं आणि हा पठ्ठ्या मला न विचारता उजवीकडे वळला! मी लगाम खेचला, ओरडलो. थेट रोमनच्या कोठारासमोर जाऊन थांबला आणि निवांत शेपटी हलवायला लागला.

रोमन टोपी काढून धावत आला. चेहरा पांढराफटक!

"अ‍ॅटली, कुणी सांगितलं तुला?"

मी काय बोलणार? घोड्यांचा एवढा पारखी मी, आणि माझा घोडा मला विचारत नाही, असं सांगू? मी दाढी कुरवाळली. "कळतं, रोमन. सगळं कळतं."

"कोंबड्यांच्या खुराड्यात आहे. रेडिओ! फक्त हवामान ऐकतो रे!" मग थोडं थांबून, "आणि बेसबॉल."

रेडिओची त्याच दिवशी विल्हेवाट लागली. दुकान तोवर बंद झालं होतं. पण डीकनचा दरारा काय वाढला म्हणता!

शुक्रवारी पुन्हा निघालो. ड्यूक पुन्हा उजवीकडे! या वेळी रोमनने तोंडही उघडू दिलं नाही.

"ओटच्या पिंपात आहे," तो कळवळून म्हणाला. "मोबाइल फोन! पण अ‍ॅटली, तू माणूस आहेस की कोण आहेस?"

सोमवारी मी ठरवलं की आज काहीही झालं तरी वळायचं नाही. वळण आलं तशी मी खाली उतरलो आणि ड्यूकला तोंडाशी धरून सरळ ओढायला लागलो. मी त्याला ओढत होतो, पण दोघेही पोचलो रोमनच्या अंगणात!

"आता माझ्याकडे काहीही उरलेलं नाही!" रोमन रडकुंडीला आला. "हवं तर घराची झडती घे!"

त्याची बायको मॅटी मात्र दारातून माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने दोन्ही हात गालावर ठेवले. "अहो, हे तुमच्यासाठी आलेच नाहीत! तीनदा आले, तोंडातून शब्द फुटत नाही... मागणी घेऊन आलेत! एडना! अगं एडना!"

त्यांची मुलगी एडना स्वयंपाकघरातून आली. बरण्यांत पीच भरत होती, हात कोपरापर्यंत चिकट.

"डेल्बर्टने पाठवलं ना तुम्हाला?" तिने विचारलं आणि माझ्या उत्तराची वाटही पाहिली नाही. "त्याला सांगा, माझं हो आहे! दोन वर्षं दर रविवारी येऊन हा माणूस माझ्याशी पावसावर बोलतोय! मला वाटलं, आता आम्ही पावसावर बोलतच म्हातारे होणार!"

ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मॅटी तर सांगत सुटली, "मी उगाच का सेलरीच्या भाजीचे तीन वाफे लावलेत! लग्नाच्या पंगतीला कमी पडायला नको म्हणून!"

दर रविवारी याच अंगणात यायला जो घोडा लागायचा, तोच डेल्बर्टने विकला होता. आता गरज नाही म्हणाला होता! म्हणजे याने पोरीचा नाद सोडलेला, आणि मी डीकन, तिच्याकडून होकार घेऊन बसलो! खरं सांगायचं तर मला स्वतःची लाज वाटली. या पोरीचं हसू पुसायचं कुणी? मीच ना!

"सांगतो," एवढंच म्हणून मी पळालो.

डेल्बर्ट कारखान्यात मोठं कपाट घासत होता. मी घाम पुसला, घसा साफ केला. "डेल्बर्ट, एक मोठा घोटाळा झालाय..."

त्याने मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदा बूट सोडून माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणाली ती?"

"कोण?" मी चाचरलो.

"एडना. मला वाटलं होतं, पहिल्याच फेरीत काम होईल. तुम्ही फार दिवस लावलेत." मग लाल होऊन म्हणाला, "तुमच्यासमोर आलो की माझी बोबडी वळते. तिच्यासमोर तर विचारूच नका. म्हटलं, ड्यूकला वाट माहीत आहे. तोच नेईल तुम्हाला, आणि डीकन दारात आला की पुढचं ते आपोआप समजतील."

मी कपाटाकडे पाहिलं. दारावर कोरलेलं एडनाच्या नावाचं इंग्रजी 'ई' अक्षर घासून घासून चमकत होतं.

"हो म्हणाली, गाढवा!" मी ओरडलो आणि त्याला मिठी मारली. काय करणार? आनंदच तेवढा झाला होता!

नोव्हेंबरात गुरुवारी लग्न लागलं. सेलरी उरली नाही. व्हर्ना मात्र प्रत्येक पंगतीला ड्यूकची गोष्ट सांगत फिरत होती. ही बातमी तालुक्यातल्या झाडून सगळ्या लाजऱ्या पोरांपर्यंत पोचली असावी. कारण त्यानंतर एकेक जण बुटांकडे बघत माझ्या दारात येतो आणि उत्तम घोडा मातीमोल भावात विकून जातो.

सध्या माझ्या तबेल्यात चार घोडे आहेत. दात, खूर, चाल, सगळं मी स्वतः पारखून घेतलंय. पण व्हर्नाचा पट्टा अजून तुटलेलाच आहे. साजाच्या दुकानाची वाट चौघांपैकी एकालाही माहीत नाही!