विकू का ठेवू?

आमच्या कसबा बावड्यात दर रविवारी जेवायला बोलावून वर जाब विचारणारा माणूस एकच. बापू. पहिला घास तोंडात जातो न जातो, तोच समोर उकिडवे बसून विचारतात, "बोला. इकू का ठेवू?"

इथं बाकी सगळ्यांचा ऊस. तोडला की कारखान्याला. घरात ठेवायची सोयच नाही, त्यामुळं डोक्याला ताप नाही. बापूंनी मात्र हट्टानं भात लावलेलं. माजघरात आढ्याला टेकलेली पोती. त्यातलं थोडं गिरणीतून भरडून आणायचं, तांदूळ शिजवायचा आणि आम्हा शेजाऱ्यांना वाढून आमचा कौल घ्यायचा, ही त्यांची रीत. त्यांची बायको, आमच्या काकू, वारल्यावर सुरू झालेली.

पहिल्यांदा मी भाबडेपणानं म्हणालो, "झकास!"

"मग असला झकास माल लोकास्नी का द्यायचा?"

पुढच्या वेळी शहाणपणा केला. "जरा गिचका होतोय."

"नवा हाय न्हवं! मुरू दे की."

काही महिन्यांनी शीत न् शीत सुटं झालं. मी तसं सांगितलं, तर बापू उखडले. "आत्ता कुठं मुरायला लागलाय, आन् तू इकाय निघालास? येडा का खुळा?"

मी पुन्हा नापास.

अशात शेतात नवं पीक पिवळं पडायला लागलं. घरात पाय ठेवायला जागा नाही, पोत्यांतून किडे फिरतायत. आता माल गेला नाही तर जुनं किडणार आणि नवं अंगणात भिजणार. शेवटी मीच मंगळवार पेठेतल्या एका व्यापाऱ्याला थेट रविवारच्या पंगतीला आणून बसवलं.

त्यानं एक घास खाल्ला आणि चांगला भाव सांगितला.

"पावणं, गडबड नगो. आमटी घालून बगा."

बघितलं. भाव तोच.

"दह्यासंगट बगा."

दह्यानंतरही तोच. व्यापारी पट्टा सैल करत म्हणाला, "बापू, आता माल न्हाय दिला तर मलाबी पोत्यात भरून टेम्पोत टाकावं लागंल."

बापू हसले. मग मान डोलावली.

माल गेला. मी आठवडाभर कॉलर ताठ करून फिरलो. रविवारी मात्र हाक आली नाही. भूक लागली तसा मीच डोकावलो. मोकळ्या माजघरात सगळ्यांची ताटं मांडलेली, आणि बापू एकटेच भिंतीला टेकून बसलेले.

"आलास व्हय? बस. मेव्हण्याच्या गावासनं त्याचा तांदूळ मागून आणलाय. त्यानं काय इचारल्यालं न्हाय, पर म्हटलं बगावं, त्यानं इकावा का ठेवावा."

मी घास घेतला. मुरलेला, सुटा, आजच्या आज विकावा असा तांदूळ. बापू माझ्या तोंडाकडं बघत होते.

"अवघड आहे बापू," मी म्हणालो. "एका जेवणात नाही कळायचं हे."

"तेच म्हन्तोय मी!" बापू ताडकन उठले आणि बाकीच्यांना हाका मारत दारात गेले.