ओल्या गोधडीचं टोक

शिंदखेड्याला केसरअक्काकडे भांडत गेलं ना, की ती आधी टपातली ओली गोधडी काढते, एक टोक नवऱ्याच्या हातात देते, एक बायकोच्या. "चूक कोनी शे ते मंग देखू. पह्यले पिळा!"

मोडायला आलेले संसार सांधायचं केंद्र चालवते ती. कोणी खवचटपणे विचारलंच, "अक्का, तुमचे मालक कुठं?" तर पटकन म्हणते, "सुरतले कामले गयात. येतीन." आन लगेच दुसरं काही काढते.

तिच्यासोबत जळगावच्या कॉलेजातल्या मॅडम असतात. घरं कशानं मोडतात, कशानं टिकतात, हे त्या शिकतात. दोघींचं सारखं वाजतं. मॅडम म्हणाल्या, "अक्का, आधी बाईला एकटीला विचारा, मार खाते का. मार असेल तर गोधडी नाही, तिथं दुसरा रस्ता." अक्का फुगली. "मन्हा केस काय उनमा पिकनात का?" पण आता मॅडम विसरल्या तरी अक्का विसरत नाही. आन मॅडम प्रश्नावर प्रश्न विचारायच्या, त्या आता अक्कानं डोळे वटारले की गप बसतात.

मीही अशीच गेले, नवऱ्यासोबत, पोरगी कडेवर घेऊन. बाळंतपणाला यावलला माहेरी गेले, पोरगी सारखी आजारी, म्हणून राहून गेले, कपाशी वेचून झाली तरी आले नाही. आले तर नवरा बोलेचना! मी समोर उभी, आन हा सासूला सांगे, "तिला म्हणा, भाकर वाढ." मला वाटे, हा आता मला यावलच्या गाडीत बसवतो आन पोरगी ठेवून घेतो.

अक्कानं मला आत नेलं. "तो मारस का तुले?"

"नाही वं अक्का. बोलतच नाही."

"मंग चाल, टोक धर."

पोरगी मॅडमच्या कडेवर दिली, आम्ही पिळायला लागलो. मी इतकी घाबरलेली, की तो फिरवी तिकडंच मीही फिरवी. गोधडी नुसती गरगर फिरे, पाणी काही निघेना. शेवटी हा ओरडला, "अगं, उलटं फिरव! उलटं!"

"बोलना! तो बोलना!" नवरा बोलला म्हणून अक्का टाळ्या पिटायला लागली. मॅडम हसल्या, पोरगी रडायला लागली.

मग हा थांबेना. "पोर आजारी तर मला का नाही सांगितलं? मी आढ्याला झोळी बांधून ठेवली होती तिच्यासाठी. रोज झटकत होतो."

मी म्हटलं, "भीती वाटली." आन गोधडीतून धो धो पाणी निघालं.

परवा बाजाराला गेलो, तेव्हा केळीची फणी द्यायला अक्काच्या घरी डोकावलो. घरात ती एकटीच. भिंतीवर तिची स्वतःची गोधडी टाकलेली, न पिळलेली. खाली अंगणभर पाणी.

"अक्का, ही पिळली नाही?"

"उन भलतं शे. वाळी जाई."

मी पोरगी नवऱ्याकडे दिली, गोधडी ओढली आन एक टोक धरून उभी राहिले. अक्का दुसरं धरेना. मग धरलं. बरोबर उलटं फिरवायला लागली.

सगळ्या तालुक्याला बोलतं करणारी बाई, पिळून होईपर्यंत एक शब्द बोलली नाही.